मनाचे दुखणे आणि कायदा

ताप आला तर आपण दवाखान्यात जातो. हात मोडला तर लगेच धावपळ करतो. मनाचे दुखणे आले की मात्र घरची माणसे दार लावून घेतात. "लोक काय म्हणतील?" हा पहिला प्रश्न. मग भगत, देवऋषी, गंडादोरा. डॉक्टरची आठवण शेवटी होते. तोवर दुखणे बळावते, आणि एखाद्याच्या पायात साखळीही पडते.

तमिळनाडूत एरवाडी म्हणून गाव आहे. तिथल्या दर्ग्यात मनाचे दुखणे बरे होते अशी लोकांची श्रद्धा. त्याच्या आसपास खाजगी आश्रम निघाले होते. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे अशाच एका आश्रमाला आग लागली. आतली माणसे साखळीने बांधलेली होती. पळणार कशी? अठ्ठावीस जण गेले. सर्वोच्च न्यायालयाने आपणहून या प्रकरणात लक्ष घातले.

इंग्रजांनी १९१२ साली या बाबतीत एक कायदा केला होता. आजाऱ्याला कोंडून कसे ठेवावे, याचीच त्यात जास्त काळजी होती. १९८७ साली दुसरा कायदा झाला, आणि २०१७ साली तिसरा. हा तिसरा २९ मे २०१८ पासून लागू आहे. मनाच्या आजाऱ्याला कोणत्याही प्रकारे साखळदंड घालायला त्यात साफ मनाई आहे. मनाई मोडली तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता जमिनीचे बघा. समजा, दोन भाऊ आहेत. धाकट्याचे डोके मधूनमधून बिघडते. थोरला म्हणतो, "तो वेडा आहे. त्याला कशाला हवा वाटा?" किंवा असेही होते, की धाकट्याला काही उमजत नसताना त्याचा अंगठा कागदावर उठवून घेतात. कायदा दोन्ही ठिकाणी आडवा येतो. नुसते दुखणे आहे म्हणून कोणी अजाण ठरत नाही. तसे ठरवायचा अधिकार कोर्टाचा. भावाचा नाही, सरपंचाचाही नाही. आणि कराराचा कायदा तर १८७२ सालचा आहे. तो विचारतो, अंगठा दिला त्या वेळी या माणसाला व्यवहार कळत होता काय? कळत नसेल तर तो करार टिकत नाही. तोच माणूस बरा असताना समजून उमजून शेत विकील तर व्यवहार पक्का. मृत्युपत्राचेही तसेच. आम्हांला हे फार शहाणपणाचे वाटते. दुखणे येते नि जाते, माणूस तोच राहतो.

नोकरीत असताना दुखण्याने अपंगत्व आले तर सरकारी नोकराला त्यापायी काढता येत नाही, खालच्या जागी ढकलता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते. हा २०१६ सालचा कायदा. खाजगी मालकाला हे कलम लागू नाही, ही त्यातली उणीव आहे असे आम्ही म्हणतो.

बायकोला आजाराचे नाव चिकटवून काडीमोड मागणारेही असतात. नुसते नाव पुरे नाही, दुखणे किती भारी आहे ते बघितले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच सांगितले आहे.

विहिरीत उडी घेतलेल्याला वर काढले की पूर्वी पोलीस केस व्हायची. शिक्षा एक वर्षापर्यंत. त्या धास्तीने लोक खरे सांगत नसत. २०१७ च्या कायद्याने हे बदलले. असा माणूस भारी ताणाखाली होता असे धरून चालायचे, खटला भरायचा नाही, त्याला उपचार देणे सरकारचे काम. १ जुलै २०२४ पासून तर ते जुने कलमच गेले. सरकारी नोकरावर दडपण आणण्यासाठी तसे करणे एवढाच गुन्हा उरला.

येरवडा, ठाणे ही नावे आपल्याकडे थट्टेत घेतात. थट्टा पुरे. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर १४४१६ हा नंबर फिरवा, पैसे पडत नाहीत. वकील हवा असेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. आजाऱ्याला तिथे फुकट वकील मिळतो. अर्ज लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावे, तिथली माणसे लिहून घेतात.