मातीचे पाणी आणि वाळूची कड

नदीकाठच्या ओल्या वाळूत खड्डा खणून पाहा. पाणी लागले की कडा ढासळू लागतात आणि खड्डा खोल होण्याऐवजी रुंदच होत जातो. मग अशाच वाळूत, भूजलाच्या पातळीखाली, उभ्या कडांचा खोल व अरुंद चर कसा खणता येईल? इटलीतील मिलान शहराखाली वाळू आणि गोटे आहेत. तेथील मेट्रोच्या पहिल्या मार्गाचे काम १९५७ साली सुरू झाले, तेव्हा भर वस्तीत असे चर खणावे लागले. त्यांच्या कडांना आधार दिला तो मातीच्या पाण्याने!

ही माती म्हणजे बेंटोनाइट. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या या चिकणमातीचे कण अतिशय पातळ पापुद्र्यांसारखे असतात. १०० लिटर पाण्यात सुमारे ५ किलो बेंटोनाइट घोटले की दाटसर स्लरी तयार होते. चर खणत असतानाच त्यात स्लरी भरत राहतात आणि तिची पातळी भूजलाच्या पातळीपेक्षा मीटर-दीड मीटर वर ठेवतात.

आता कडेपाशी काय घडते ते पाहू. स्लरीचा दाब भूजलाच्या दाबापेक्षा जास्त असल्याने ती वाळूत शिरू लागते. पाणी वाळूच्या फटींतून निघून जाते. मातीचे कण मात्र फटींच्या तोंडाशी अडकून एकमेकांवर बसतात. अशा रीतीने काही मिलिमीटर जाडीचा थर तयार होतो. त्याला फिल्टर केक म्हणतात. थर जाड होतो तसा पाझर मंदावतो आणि पाझर मंदावला की नवी मातीही सावकाश येते. म्हणून थराची जाडी वेळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. वेळ चौपट, तर जाडी फक्त दुप्पट.

एवढासा थर कड कशी तोलतो? खरे तर तो तोलत नाहीच! समजा, स्लरीची घनता पाण्याच्या १.०५ पट आहे आणि तिची पातळी भूजलापेक्षा १.५ मीटर वर आहे. स्लरीच्या पृष्ठभागाखाली १० मीटरवर तिचा दाब दर चौरस मीटरला १०.५ टन वजनाइतका, तर भूजलाचा ८.५ टन वजनाइतका भरतो. उरलेला २ टनांचा दाब कडेला आतून रेटतो. थर नसता तर स्लरी वाळूत झिरपत राहिली असती आणि हा फरक कडेपाशी टिकला नसता. थर हा केवळ पडदा. रेटण्याचे काम दाबाचे. म्हणूनच स्लरीची पातळी एकाएकी उतरली, तर थर शाबूत असूनही कड कोसळू शकते.

शेवटी नळीने तळापासून काँक्रीट भरतात. ते जड असल्याने स्लरी वर ढकलली जाते आणि चराच्या जागी पक्की भिंत उभी राहते.

हा थर तुम्हांलाही पाहता येईल. प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापा, तोंडाला फडके बांधा, बाटली उलटी धरून तीत धुतलेली बारीक वाळू भरा आणि ती पाण्याने भिजवून घ्या. काळी माती पाण्यात ढवळा, खडे तळाशी बसू द्या आणि वरचे दाट गढूळ पाणी अलगद वाळूवर ओता. पातळी कायम ठेवून खाली गळणारे पाणी दर ५ मिनिटांनी मोजा. पहिल्या ५ मिनिटांत जमलेल्या पाण्याच्या दुप्पट पाणी जमायला एकूण २० मिनिटे लागतात का? फरक पडला, तर थर बसण्यापूर्वीच निसटलेल्या पाण्याचा विचार करा. मग वाळूऐवजी जाड खडी घेऊन पाहा. थर बसतो का? का बसत नाही?