टेबलावरच्या सुऱ्या

टोकावडे

चि. बाबी हिस,


परवा मुरबाडच्या स्टँडवर तुझ्या चुलत सासूबाई भेटल्या. एस.टी. लागेपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं. जावईबापू जर्मनीला गेलेत, येताना जेवणाच्या टेबलावर मांडायच्या, मांस कापायच्या बारा सुऱ्यांचा संच आणणार आहेत. आणि तुझ्या चिमूच्या अंगठ्याला पट्टी होती. दारात बोट सापडलं, असं तू सांगितलंस म्हणे. दारात सापडलेलं बोट काळंनिळं पडतं गं. पट्टी कशाला लागली?

सुऱ्या आणू नका असं मी म्हणत नाही. आपल्याकडं मटणाचे तुकडे चुलीवर चढायच्या आधीच होतात, ताटात भाकरी मोडायला बोटं पुरतात. तुमच्याकडं अख्खा तुकडा ताटात येतो, मग सुरी लागणारच. कसलं मांस ते मी विचारत नाही, कुणालाही कळवणार नाही.

पण आणायच्या तर पारखून आणा. जर्मनीत झोलिंगेन म्हणून सुऱ्यांचं गाव आहे. तिथं घडलेल्या पात्यावरच ते नाव टाकता येतं, तसा कायदाच आहे त्यांचा. तरी नुसतं नाव बघून घेऊ नये. पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं असावं, टोक बोथट असावं. फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं १६६९ साली टोकदार सुऱ्यांवर बंदी आणली, जेवणाच्या सुऱ्यांचीही टोकं गोल करायला लावली. त्याला मारामाऱ्यांची धास्ती होती. तुझ्या घरात तर हाताला येईल ते ओढणारं पोर आहे.

दातेरी घ्यावी की सरळ धारेची? चिनी मातीची बशी पोलादाहून कठीण, सरळ धार तिच्यावर घासून मरते. दातेरीची टोकं तेवढी झिजतात, खाचांतली धार राहते, म्हणून ती जास्त दिवस चालते. पण ती मांस फाडते, आणि एकदा बोथटली की घरच्या दगडावर तिला धार लागत नाही. माझं मत सरळ धारेला. तिघांच्या घरात बारा कशाला? चार बास. विमानात हातातल्या पिशवीत ठेवू नका म्हणावं, सामानात टाका. आणि ताटं उचलायच्या आधी सुऱ्या उचलायच्या, धुवून, पुसून वरच्या फळीवर. गप्पा मग. दिवाळीत पाहिलं ना मी, चिमू खुर्चीवरून टेबलावर चढतो!

धारेची हयगय करू नकोस. धार गेली की हात जोर लावतो, आणि पातं निसटतं ते बोटावरच. तुझ्या मामीची बोटं आठवतात का? आडव्या-उभ्या चिरांनी भरलेली. विळी बोथटलीय, लोहाराकडं न्या, असं ती सांगायची. लोहार दोन घरं सोडून. मी उद्या म्हणायचो. खंडेनवमीला त्याच विळीला हळदकुंकू मात्र न चुकता वाहायचो. मामी गेली, त्यानंतर धार लावून आणली. आता मी एकटा त्या विळीवर कांदा चिरतो, सर्रकन चिरला जातो, आणि खावंसं वाटत नाही.

म्हणून पट्टीचं ऐकलं आणि रात्री झोप लागेना. खरंच दारात सापडलं असेल तर सोड, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हण. सुरीनं कापलं असेल तरी मी ओरडणार नाही. लहानपणी माझ्या कोयत्याला हात लावलास तेव्हा ओरडलो होतो, तू अंगणातल्या बाजेखाली जाऊन बसलीस, जेवायलाही येईनास. मामीनं तिथंच घास भरवले. तू नोकरी करून, एवढा प्रवास करून पोर सांभाळतेस, तुला का मी काळजी शिकवायची.

पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा आहे. चिमूनं गुरांचा बाजार पाहिलेला नाही, त्याला घेऊन ये. थंडी असते, पण तिथं घोंगड्या चांगल्या मिळतात, त्याच्या मापाची एक घेऊ. जावईबापूंनाही आण. ताटात अख्खा तुकडा हवा असेल तर तसं आधी कळव, मी तसाच शिजवीन. तांदळाच्या भाकऱ्या आता मला जमतात. कडेला जरा फुटतात, तेवढं चालवून घ्या.

तुझा
मामा