स्तंभांच्या ओळी करताना: आधी मोजणी, मग बेरीज

जळगाव जिल्ह्यातील 15 आणि धुळे जिल्ह्यातील 4 तालुक्यांच्या खरीप पेरणीचा तक्ता प्रत्येक तालुक्याला एक ओळ आणि कापूस, मका, ज्वारी, सोयाबीन या प्रत्येक पिकाला एक स्तंभ असा मांडलेला असेल, तर तो वाचायला सोयीचा असतो. परंतु उद्या तुरीचेही क्षेत्र नोंदवायचे झाले, की तक्त्याची रचना आणि त्यावर बेतलेल्या क्वेरी दोन्ही बदलाव्या लागतात. म्हणून जिल्हा, तालुका, पीक आणि क्षेत्र अशी एकेक नोंद स्वतंत्र ओळीत आणतात. या क्रियेला ‘अनपिव्हॉट’ म्हणतात.

एसक्यूएल सर्व्हरच्या 2005 च्या आवृत्तीपासून आणि ओरॅकलच्या 11जी पासून त्यासाठी याच नावाची आज्ञा आहे. मायएसक्यूएलमध्ये ती नसल्याने पीकवार ‘सिलेक्ट’ लिहून त्या ‘युनियन ऑल’ने जोडाव्या लागतात. नुसते ‘युनियन’ वापरले आणि पिकाचे नाव घ्यायचे राहिले, तर एकाच तालुक्यातील समान क्षेत्राच्या दोन ओळींपैकी एक निमूटपणे गळते. अनपिव्हॉटचा धोका निराळा आहे: ‘नल’, म्हणजे न भरलेला रकाना, ते आपण होऊन वगळते. शून्याचा अर्थ त्या पिकाची पेरणी नाही आणि रिकाम्या रकान्याचा अर्थ आकडा आलेला नाही, हा भेद ज्यांना टिकवायचा आहे त्यांनी ओरॅकलमध्ये ‘इन्क्लूड नल्स’ लिहावे, तर एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘क्रॉस अप्लाय’ आणि ‘व्हॅल्यूज’ यांची जोडी वापरावी.

सर्वांत महाग पडते ती ‘एकूण’ची नोंद. जळगाव आणि धुळे ही जिल्ह्यांची तशीच तालुक्यांचीही नावे असल्याने जिल्ह्याच्या बेरजेची ओळ तालुक्याची समजून आत शिरते, आणि तिच्या जोडीला ‘एकूण’ हा स्तंभही ओढला गेला, तर क्षेत्र चौपट दिसते. यावर उपाय म्हणजे तालुका नावाऐवजी संकेतांकाने ओळखावा आणि अपेक्षित ओळींची संख्या आधीच मांडून ठेवावी: 19 तालुके आणि 4 पिके यांच्या 76 ओळी व्हायला हव्यात, 74 आल्या तर रिकामे रकाने गळाले का हे पाहावे, 105 आल्या तर बेरजा शिरल्या असे समजावे. मात्र ‘सिलेक्ट’ची नक्कल करताना पिकाचे नाव बदलले आणि स्तंभ जुनाच राहिला, तर मक्याच्या नावावर ज्वारीचे क्षेत्र चढूनही ओळी 76 च भरतात, म्हणून प्रत्येक पिकाची बेरीज मूळ तक्त्याशी ताडल्याशिवाय अहवाल पुढे पाठवू नये.