मुलांसाठी गेमिंग संगणक : सुटे भाग कसे पारखावेत?



कापडाच्या दुकानात बसणाऱ्या माणसाने संगणकाच्या सुट्या भागांवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ठेच लागल्यावर वाट कळते, तसे माझे झाले. २०२२ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. माझी धाकटी बहीण शिलाईकाम करून घर चालवते. तिने मुलासाठी चाळीस हजार रुपये साठवले होते. भाचा म्हणाला, "मामू, गेमही खेळेन आणि तुमच्या दुकानाची बिलेही काढून देईन." व्यवहार मला कळतो, या घमेंडीत मीच त्याला घेऊन मोठ्या शहरातील एका दुकानात गेलो.

समोर काचेचा डबा, आत लाल-निळे दिवे आणि वर 'आय सेव्हन' अशी चिठ्ठी. मी घासाघीस करून चार हजार कमी करून घेतले आणि खूश होऊन बीडला परतलो. एप्रिलच्या उन्हात एके दुपारी डब्यातून धूर निघाला. पॉवर सप्लाय जळाला होता आणि जाता जाता मदरबोर्डही घेऊन गेला. कारागिराने डबा उघडून दाखवला तेव्हा समजले की प्रोसेसर २०१२ सालच्या पिढीचा होता, ग्राफिक्स कार्ड नावापुरते होते आणि बिल म्हणून मिळालेला कागद साधी चिठ्ठी होती. बहीण मला एक शब्दही बोलली नाही. ती पुन्हा मशीनवर बसली. तिचे ते गप्प राहणे मला चार हजारांच्या सवलतीपेक्षा फार महाग पडले.

त्यानंतर मी आणि भाचा वर्षभर शिकलो, विचारपूस केली, भाव टिपून ठेवले आणि दुसरा संगणक एक-एक भाग पारखून उभा केला. तोच धडा येथे देत आहे.

आधी काम ठरवा

गिऱ्हाईक दुकानात आले की आपण विचारतो, सदऱ्याला पाहिजे की शेरवानीला? संगणकाचेही तेच आहे. मुलाला कोणते खेळ खेळायचे आहेत, हे आधी विचारा. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट, जीटीए फाइव्ह हे तुलनेने हलके किंवा जुने खेळ आहेत. ते वेगळ्या ग्राफिक्स कार्डाशिवायही कमी किंवा मध्यम सेटिंगवर चालू शकतात. नवे, मोठे, सिनेमासारखे दिसणारे खेळ मात्र स्वतंत्र कार्ड मागतात.

दुसरा प्रश्न पडद्याचा. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा पडदा पहिल्या संगणकाला पुरेसा आहे. पडद्यावर '१४४ हर्ट्झ' लिहिले असेल तर तो सेकंदाला १४४ चित्रे दाखवू शकतो. परंतु आतला संगणक सेकंदाला ५० चित्रेच काढत असेल, तर त्या १४४ चा उपयोग काय? पन्हा मोठा घ्यायचा आणि कापड कमी वापरायचे, असा तो सौदा होतो.

शंभर रुपयांची वाटणी

पडदा, कीबोर्ड आणि माऊस वेगळे धरून केवळ डब्याचा हिशेब करा. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड घ्यायचे असेल तर शंभर रुपयांतील साधारण ३५ कार्डाला, १८ प्रोसेसरला, १३ मदरबोर्डला, १२ रॅमला, ८ एसएसडीला, ९ पॉवर सप्लायला आणि ५ डब्याला, अशी वाटणी आम्ही धरली. ही काही सरकारी दरपत्रिका नाही, अंदाजाची पट्टी आहे. २०२५ च्या अखेरीस जगभर रॅमचे भाव भडकले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठी केंद्रे मेमरी उचलू लागली. सुताचे भाव चढले की कापडाचा हिशेब बदलतो, तसे येथेही होते. म्हणून मी भागांचे भाव लिहीत नाही. ज्या आठवड्यात खरेदी करायची, त्याच आठवड्यात तीन दुकानांतून भाव काढा.

प्रोसेसर : नाव नव्हे, पिढी पाहा

आमची फसवणूक येथेच झाली. 'आय सेव्हन' हे घराण्याचे नाव आहे, वय नव्हे. वय पुढच्या आकड्यात लपलेले असते. ३७७० म्हणजे तिसरी पिढी, साल २०१२. १२१०० म्हणजे बारावी पिढी, साल २०२२. ही बारावी पिढीची साधी 'आय थ्री' त्या जुन्या 'आय सेव्हन'ला सहज मागे टाकते. शिवाय विंडोज ११ ला इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते आणि विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या पिढीचा माल स्वस्त का मिळतो, हे यावरून समजावे.

आकड्यामागचे अक्षरही वाचा. इंटेलच्या आकड्यापुढे 'एफ' असेल तर त्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय नसते. वेगळे कार्ड नसेल तर पडदा काळाच राहील. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी मधील 'जी' म्हणजे चित्राची चांगली सोय आतच आहे. त्यात सहा कोर आहेत.

पैसे कमी असतील त्यांच्यासाठी हाच मार्ग मला योग्य वाटतो. आज 'जी' प्रोसेसरवर हलके खेळ सुरू करावेत आणि पैसे जमल्यावर कार्ड बसवावे. यात एक उणीव आहे, ती लपवत नाही. ५६००जी मध्ये साध्या ५६०० च्या निम्मी कॅश मेमरी असते आणि कार्डाशी बोलण्याचा रस्ताही एक पिढी जुना असतो. पुढे भारी कार्ड लावले तर थोडा वेग कमी मिळेल. परंतु आज कर्ज न काढता काम सुरू होते, ही जमेची बाजू मोठी आहे.

रॅम : एकापेक्षा दोन पट्ट्या

१६ जीबी रॅम घ्यायची असेल तर १६ ची एक पट्टी न घेता ८-८ च्या दोन घ्याव्यात. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला मेमरीकडे जाण्याचे दोन रस्ते मिळतात. प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर खेळणाऱ्याला याचा फरक ठळक दिसतो. बोर्डावर चार खाचा असतील तर बहुधा प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी वापरायची असते. बोर्डाच्या पुस्तिकेत तसे छापलेले असते. पट्टी जुळवून झाली की बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो चालू करावे. ते न केल्यास ३२०० वेगाची रॅम कमी वेगाने चालत राहते आणि मालकाला पत्ताही लागत नाही.

पॉवर सप्लाय : येथे काटकसर नको

शेरवानीचे अस्तर दिसत नाही, पण हलके अस्तर सगळा कपडा बिघडवते. पॉवर सप्लाय हे संगणकाचे अस्तर समजा. आमच्या जळालेल्या डब्यावर '४५० वॅट' असे मोठ्या अक्षरांत छापले होते. खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर लिहिले होते. आता गुणाकार करा : १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड यांना मुख्यतः या १२ व्होल्टवरच जगायचे असते. आरएक्स ६६०० सारखे मध्यम कार्ड एकटेच सुमारे १३२ वॅट घेते. प्रोसेसरचे ७०-८० आणि बाकीचे सामान धरले की १९२ ची मर्यादा ओलांडली जाते. चाळीस अंशांपुढचा बीडचा उन्हाळा त्यात भर घालतो.

तेव्हा मोठा आकडा सोडून बारीक तक्ता वाचा. नावाजलेल्या कंपनीचा, ५०० ते ५५० वॅटचा, तीन वर्षे किंवा अधिक वॉरंटीचा सप्लाय अशा संगणकाला पुरतो. '८० प्लस' हा शिक्का वीज किती वाया जात नाही, ते सांगतो. आतला माल टिकाऊ आहे, अशी हमी तो देत नाही.

घरातील अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. वीज अचानक जाणाऱ्या गावात यूपीएस घ्यावा, पण ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. बाजारातील साध्या यूपीएसमध्ये ते साधारण ३६० वॅट भरतात.

डबा आणि धूळ

दिव्यांना पैसे देऊ नका, हवेला द्या. पुढून जाळी असलेला, एक पंखा हवा आत ओढणारा आणि एक बाहेर टाकणारा डबा घ्यावा. पुढे बंद काच असलेला डबा दिसायला देखणा असतो, पण आतले सामान शिजते. कापूस, जिनिंग, शिलाई किंवा कापडाचे काम घरात किंवा शेजारी असेल, तर तंतू पंख्यात अडकतात. दर दोन महिन्यांनी बटण बंद करून, वायर काढून, ब्रश आणि ब्लोअरने साफ करावे. पंखा बोटाने धरूनच हवा मारावी, मोकळा फिरू देऊ नये.

जुना माल घेताना

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाचे कार्डांवर चालणारे उत्खनन बंद पडले आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली. राबलेले प्रत्येक कार्ड वाईटच असते असे नाही, पण पारखल्याशिवाय पैसे देऊ नयेत. समोर अर्धा तास भारी खेळ चालवून पाहा. पडद्यावर रंगीत ठिपके, रेघा, पंख्याची घरघर दिसली किंवा ऐकू आली तर उठून यावे.

काठावर एक छाप आणि आत हलका काउंट, हा प्रकार आपल्या धंद्यात नवा नाही. कार्डातही तो आहे. आरएक्स ५८० या कार्डात मुळात २३०४ प्रोसेसिंग युनिट असतात. त्याच नावाचे '२०४८एसपी' असे उतरते रूप २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी आले. काही ठिकाणी तर जुन्या चिपवर नव्या कार्डाचे नाव चढवून विकतात. जीपीयू-झेड नावाचे फुकट सॉफ्टवेअर चालवले की आत काय आहे ते दिसते. विकणारा ते चालवू देत नसेल, तर उत्तर मिळाले असे समजावे. जुनी रॅम त्या मानाने कमी धोक्याची, तीही मेमटेस्ट लावून घ्यावी. जुना पॉवर सप्लाय मात्र फुकट मिळाला तरी घेऊ नये.

बिल, वॉरंटी आणि हप्ता

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो की छत्रपती संभाजीनगरचे दुकान, "बिलाशिवाय स्वस्त देतो" हे वाक्य सगळीकडे ऐकू येते. संगणकाच्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. ४०,००० च्या मालावर ७,२०० कर, एकूण ४७,२००. हे ७,२०० वाचवताना आपण वॉरंटी सोडतो. पक्क्या बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या. प्रोसेसर खोक्यातला घ्या. खोक्यातील प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते, तर सुट्या 'ट्रे' मालाला केवळ दुकानदाराचा शब्द.

संगणक खरोखर दुकानाच्या कामाचा असेल आणि आपण नियमित जीएसटी भरत असाल, तर या कराची वजावट मिळू शकते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला ती मिळत नाही. केवळ मुलाच्या खेळासाठी घेतलेला संगणक धंद्याच्या खात्यात घालू नये. आपल्या सल्लागाराला विचारून काय ते करावे.

हप्त्यावर घेताना 'बिनव्याजी' या शब्दावर थांबू नका. रोखीचा भाव आणि हप्त्यांची बेरीज दोन्ही कागदावर मांडा, प्रक्रिया शुल्कही जोडा. फरक निघाला तर व्याज दुसऱ्या नावाने बसले आहे, हे उघड होते. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्याने भाग-भाग करून रोखीने घेणे उत्तम.

शेवटी

भाच्याचा दुसरा संगणक दिसायला साधा काळा डबा आहे. आधी 'जी' प्रोसेसर, दोन पट्ट्या रॅम, एसएसडी आणि चांगला सप्लाय घेतला. कार्ड चौदा महिन्यांनी आले, तेही त्याने माझ्या दुकानाची बिले काढून आणि ओळखीच्या दोन व्यापाऱ्यांचे हिशेब संगणकावर चढवून कमावलेल्या पैशांतून. आईचे पहिले चाळीस हजार परत आले नाहीत. परंतु कार्ड आणले त्या दिवशी त्याने बिल आधी आईच्या हातात दिले. तिने ते शिलाई मशीनच्या खणात, तिच्या इतर पावत्यांबरोबर ठेवले आहे.

बंधूंनो, दुकानात जाताना पाच प्रश्न लिहून न्या. प्रोसेसर कोणत्या पिढीचा? १२ व्होल्टवर किती अँपिअर? रॅम एक पट्टी की दोन? वॉरंटी कोण देणार आणि किती वर्षे? पक्के बिल मिळेल का? पाचही उत्तरे सरळ मिळाली, तरच पाकिटाला हात घाला. आपण ताग्यातून एक मीटर कापतानाही दोनदा मोजतो. मुलाच्या संगणकालाही तोच नियम लावावा, एवढीच विनंती.