नवा फोन घेताना

(बाजारात स्मार्टफोनचे अनेक नमुने मिळतात. त्यांतून आपल्या गरजेचा फोन कसा निवडावा? फोनचा आकार, त्याची घडण आणि त्याचा टिकाऊपणा कसा पारखावा, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, घरात नवा फोन घ्यायचे ठरले, की मोठी माणसे तुम्हांलाच विचारतात, "कोणता घ्यायचा, सांग." फोनमधले तुम्हांला जास्त कळते, असे त्यांना वाटते. हा विश्वास लहान नाही. पैसे त्यांच्या कष्टाचे असतात आणि निवड तुमची असते.

माझ्या अब्बांनीही मला असेच विचारले होते. मी तेव्हा शिकत होते. अब्बा मालेगावात यंत्रमागावर काम करत. आम्ही दोघे दुकानात गेलो. काचेच्या कपाटात एक फोन चमकत होता. त्याची पाठ काचेची होती, कडा वळलेल्या होत्या आणि रंग मोरपंखी होता. मी म्हटले, "अब्बा, हाच घ्या." किंमत ऐकून अब्बा क्षणभर थांबले. मग त्यांनी खिशातून पैसे काढून मोजून दिले.

दोन महिन्यांतच तो फोन त्यांच्या हातून निसटला आणि मागाजवळच्या फरशीवर पडला. स्क्रीन तडकली. ती बदलायला फोनच्या जवळजवळ निम्म्या किमतीइतका खर्च येईल, असे दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले. अब्बा मला काहीच बोलले नाहीत. त्यांनी तडकलेल्या काचेवर चिकटपट्टी लावली आणि तोच फोन पुढे दोन वर्षे वापरला. ती चिकटपट्टी दिसली, की मला वाईट वाटे. मी फोन नीट पाहिला होता, पण अब्बांचा हात पाहिला नव्हता.

म्हणून फोन पाहण्याआधी तीन प्रश्न विचारा. हा फोन कोण वापरणार? कुठे वापरणार? किती वर्षे वापरणार? या प्रश्नांची उत्तरे मिळाली, की निवड सोपी होते.

प्रथम आकाराचा विचार करू. स्क्रीनचे माप इंचांत सांगतात. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. पण हे माप स्क्रीनच्या लांबीचे नसते आणि रुंदीचेही नसते. एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचे, म्हणजे कर्णाचे, ते माप असते. आयताचा कर्ण तुम्ही भूमितीत शिकला आहात. दोन आयतांचे कर्ण सारखे असले, तरी त्यांची रुंदी वेगळी असू शकते. साडेसहा इंची स्क्रीनची लांबी व रुंदी २०:९ या प्रमाणात असेल, तर तिची रुंदी सुमारे ६.८ सेंटिमीटर येते. हेच प्रमाण १६:९ असेल, तर रुंदी सुमारे ८.१ सेंटिमीटर होते. फोन मुठीत मावतो की नाही, हे मुख्यतः रुंदीवर अवलंबून असते. म्हणून नुसते इंच ऐकून निर्णय घेऊ नका. फोनची रुंदी आणि वजनही विचारा.

फोन हळूहळू मोठे होत गेले आहेत. २००७ साली आलेल्या पहिल्या आयफोनची स्क्रीन साडेतीन इंची होती आणि वजन १३५ ग्रॅम होते. २०११ साली सॅमसंगचा पहिला गॅलेक्सी नोट आला. त्याची स्क्रीन ५.३ इंची होती. तेव्हा लोकांना तो फारच मोठा वाटला. आता साडेसहा इंची स्क्रीनचे फोन सर्रास दिसतात आणि त्यांतील अनेकांचे वजन २०० ग्रॅमच्या आसपास असते. मोठ्या स्क्रीनचा फायदा आहेच. तिच्यावर धडा वाचणे सोपे जाते. ज्यांची नजर कमी झाली आहे, त्यांना अक्षरे मोठी करून वाचता येतात. पण फोन फार रुंद असेल, तर अंगठा पलीकडच्या टोकाला पोहोचत नाही. मग माणूस फोन हातातल्या हातात सरकवतो आणि तेवढ्यात तो निसटतो.

दुकानात जाण्यापूर्वी घरी एक प्रयोग करा. आवडलेल्या फोनची लांबी आणि रुंदी लिहून घ्या. त्या मापाचा जाड पुठ्ठा कापा. ज्यांच्यासाठी फोन घ्यायचा आहे, त्यांच्या हातात तो द्या. एका हाताने धरल्यावर अंगठा वरच्या कोपऱ्याजवळ जातो का, ते पाहा. तोच पुठ्ठा खिशात ठेवून त्यांना खाली बसायला आणि उठायला सांगा. पुठ्ठा खिशातून अर्धा बाहेर येत असेल, तर फोनही येईल.

आता घडण पाहू. घडण म्हणजे केवळ रंग आणि रूप नव्हे. फोन कशाचा बनला आहे, कडा कशा आहेत, बटणे कुठे आहेत, हे सारे घडणीत येते. फोनची पाठ काचेची, धातूची किंवा प्लॅस्टिकची असते. काच सुंदर दिसते, पण पुढेही काच आणि मागेही काच असली, म्हणजे फुटण्याच्या दोन जागा झाल्या. प्लॅस्टिक साधे दिसते, पण धक्का बसला की ते थोडे वाकते आणि सहसा फुटत नाही. वळलेल्या कडांची स्क्रीन डोळ्यांना आवडते, पण फोन कडेवर पडला, तर तिथली काच थेट आपटते. अशा स्क्रीनवर साधी संरक्षक काचही नीट बसत नाही.

"या फोनची काच मजबूत आहे," असे दुकानदार सांगतो. ते खोटे नसते. अशी काच पोटॅशियमच्या तापलेल्या, वितळलेल्या क्षारात बुडवतात. काचेच्या पृष्ठभागातील सोडियमचे लहान आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन दाटीवाटीने बसतात. त्यामुळे पृष्ठभाग घट्ट दाबला जातो आणि काच सहज तडकत नाही. तरीही ती काचच असते. वाळूतील गारेचे कण काचेपेक्षा कठीण असतात. खिशात वाळू किंवा धूळ असेल, तर स्क्रीनवर ओरखडे पडतात, आणि असे ओरखडे पडलेली काच पुढे लवकर फुटते.

काम करणाऱ्या माणसाच्या हाताचाही विचार करा. वर्षानुवर्षांच्या कष्टाने बोटांवरच्या रेषा झिजतात. असे बोट ठसा ओळखणाऱ्या फोनला कधी कधी ओळखूच येत नाही. म्हणून दुकानातच बोट लावून पाहावे. बटण सहज दाबले जाते का, फोनचा आवाज मागाच्या खडखडाटात ऐकू येईल का, हेही पाहावे.

तिसरी गोष्ट टिकाऊपणाची. फोनच्या माहितीत पुष्कळदा 'आयपी' ही अक्षरे आणि त्यांपुढे दोन अंक असतात. पहिला अंक धुळीपासूनचे संरक्षण दाखवतो. तो जास्तीत जास्त ६ असतो. दुसरा अंक पाण्यापासूनचे संरक्षण दाखवतो. 'आयपी ५४' म्हणजे धुळीपासून बरेचसे संरक्षण आणि उडणाऱ्या पाण्यापासून बचाव. 'आयपी ६७' म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिला, तरी फोनला अपाय होत नाही. पण ही चाचणी नव्या फोनवर, गोड्या पाण्यात घेतात. समुद्राचे पाणी किंवा साबणाचे पाणी वेगळे. फोन एकदा आपटला किंवा उघडला, की हे संरक्षण कमी होऊ शकते. मागावर कापसाची तूस उडते, सुताराकडे भुसा उडतो, रिक्षाचालकाच्या फोनवर रस्त्याची धूळ बसते. अशा ठिकाणी पहिला अंक महत्त्वाचा. मासे विकणाऱ्या बाईला दुसरा अंक महत्त्वाचा.

टिकाऊपणा केवळ काचेत नसतो. फोनची लिथियम-आयन बॅटरी वापराने झिजते आणि उष्णतेने अधिक लवकर झिजते. फोनला सुरक्षेच्या सुधारणा मिळणे बंद झाले, की चांगला दिसणारा फोनही पैशांच्या व्यवहाराला धोक्याचा ठरतो. म्हणून दुकानात विचारा : सुधारणा किती वर्षे मिळतील? बॅटरी बदलून मिळते का? स्क्रीन बदलायला किती खर्च येतो? दुरुस्तीचे केंद्र आपल्या गावात आहे का? युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विक्रीला येणाऱ्या नव्या फोनसोबत एक पट्टी देणे सक्तीचे झाले आहे. पडण्यापुढे फोन किती टिकतो आणि तो दुरुस्त करणे किती सोपे आहे, हे त्या पट्टीवर लिहिलेले असते. ती पट्टी आपल्यासमोर नसली, तरी तिच्यावरचे प्रश्न आपण तोंडाने विचारू शकतो.

फोन घेतल्यावर पक्के बिल आणि हमीपत्र जपून ठेवा. फसवणूक झाली, तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

पुढे अब्बांसाठी दुसरा फोन घ्यायची वेळ आली. या वेळी मी आधी पुठ्ठा कापला. अब्बांनी तो हातात धरला, अंगठा फिरवून पाहिला आणि म्हणाले, "थोडा अरुंद कर." मी कात्रीने कड कापली. दोनदा कापल्यावर ते हसले. त्या मापाचा, प्लॅस्टिकच्या पाठीचा, थोडा जाड फोन आम्ही घेतला. तो दिसायला साधा आहे. त्यानंतर तो तीनदा पडला, पण अजून त्याच्यावर चिकटपट्टी लागलेली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी विचारले, "कोणता घ्यायचा?", तर लगेच फोनचे नाव सांगू नका. आधी त्यांचा हात हातात घेऊन पाहा.

शब्दार्थ
घडण – बनावट, रचना
पारखणे – तपासून योग्य-अयोग्य ठरवणे
निसटणे – हातातून सुटणे
तूस – कापसाचे बारीक, हलके तंतू
सर्रास – सगळीकडे, नेहमी
हमीपत्र – वस्तू बिघडल्यास दुरुस्त करून देण्याचे लेखी वचन

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखिकेचे अब्बा कोणते काम करत?
(आ) स्क्रीनचे माप कसे घेतात?
(इ) 'आयपी' या अक्षरांपुढील पहिला अंक काय दाखवतो?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) चिकटपट्टी दिसली, की लेखिकेला वाईट वाटे.
(आ) नुसते इंच ऐकून फोन निवडू नये.
(इ) खिशात वाळू असताना फोन ठेवू नये.

प्र. ३. पुढील शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे वापरतात. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
दुकान, किंमत, खर्च, नमुना, मजबूत

प्र. ४. तुमच्या घरातील एका व्यक्तीसाठी कोणता फोन योग्य ठरेल, ते कारणांसह पाच-सहा वाक्यांत लिहा.

उपक्रम : घरातील एका फोनच्या स्क्रीनची लांबी व रुंदी मोजा. पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण काढा. तो इंचांत करून फोनच्या माहितीशी ताडून पाहा.