महामार्गावरील रासायनिक गळती : पहिल्या अर्ध्या तासातील कर्तव्ये

२५ जून २०१७ रोजी पाकिस्तानात बहावलपूरच्या परिसरात, अहमदपूर शर्किया गावानजीक, महामार्गावर पेट्रोलचा एक टँकर उलटला. सांडलेले पेट्रोल भरून नेण्यासाठी जवळच्या वस्त्यांतील माणसे भांडी घेऊन धावली. थोड्याच वेळात पेट्रोलने पेट घेतला व २०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. टँकर उलटला त्या क्षणी ही माणसे तेथे नव्हती. ती मागाहून जमली. रासायनिक अपघाताच्या अभ्यासाचा पहिला धडा या घटनेत आहे.

गोव्यातून पत्रादेवी ते पोळे असा राष्ट्रीय महामार्ग ६६ जातो, तर बेळगावहून अनमोड घाटमार्गे पणजीकडे महामार्ग ७४८ येतो. अशा मार्गांवर आडगावी गळती झाल्यास अग्निशामक दल पोहोचेपर्यंत काही काळ जाणे अपरिहार्य असते. तेवढ्या वेळात सरपंच, पंच, शिक्षक, दुकानदार व बसचालक यांनी काय करावे आणि काय टाळावे, हे त्यांना आधीच ठाऊक असणे अगत्याचे आहे.

१. वारा आणि उतार

घटनास्थळाकडे धावत जाऊ नये. प्रथम माडांची झावळी, धूर किंवा उडणारी धूळ पाहून वाऱ्याची दिशा ओळखावी. ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूस आणि शक्यतो उंचवट्यावर उभे राहावे. दोन्ही बाजूंची वाहतूक दूर अंतरावरच रोखावी. विडी-सिगारेट, चूल व वाहनांची इंजिने बंद करवावीत. ११२ किंवा १०१ या क्रमांकावर वर्दी देताना ठिकाण, वाऱ्याची दिशा, जखमींची अदमासे संख्या व वाहनावरील फलकाचा मजकूर सांगावा.

२. फलकाचे वाचन

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १३४ अन्वये घातक माल वाहणाऱ्या वाहनावर आपत्कालीन माहितीचा फलक असणे बंधनकारक आहे. त्यावर पदार्थाचे नाव, धोक्याच्या वर्गाचे चौकोनी चिन्ह आणि साहाय्यासाठी दूरध्वनी क्रमांक असतात. अशा वाहनांवर पदार्थाचा आंतरराष्ट्रीय चार अंकी क्रमांकही आढळतो : पेट्रोल १२०३, द्रवरूप पेट्रोलियम वायू १०७५, अमोनिया १००५, क्लोरीन १०१७, गंधकाम्ल १८३०. हा फलक दुरूनच वाचावा. वाचता येत नसेल तर जवळ जाण्याचा मोह टाळून, पदार्थ अज्ञात असल्याचे कळवावे.

३. पदार्थपरत्वे भेद

स्वयंपाकाचा वायू हवेपेक्षा जड असतो. एक लिटर द्रवापासून सुमारे २५० लिटर वायू होतो व तो गटारे, खड्डे, सखल घरे यांत साचतो. ऑगस्ट २०१२ मध्ये केरळातील कण्णूरनजीक चाला येथे टँकरमधून सुटलेला असा वायू वस्तीत पसरून पेटला व २० जणांचा बळी गेला. अशा मोठ्या गळतीत वारा वाहतो त्या दिशेने निदान ८०० मीटरपर्यंतची वस्ती हलविणे, आणि टँकरच आगीत सापडल्यास सभोवार १.६ किलोमीटरचा परिसर मोकळा करणे, हे सर्वसामान्यतः मान्य झालेले प्रमाण आहे. घर सोडताना विजेचे बटण चालूही करू नये व बंदही करू नये. त्याची ठिणगी पुरेशी असते.

अमोनिया वस्तुतः हवेपेक्षा हलका आहे. परंतु दाबाखालील टाकीतून सुटताना तो अतिथंड धुक्याच्या रूपाने जमिनीलगत सरकतो, म्हणून उंची हीच एक कसोटी मानू नये. जानेवारी २०१८ मध्ये वास्कोनजीक चिखली येथे अमोनियाचा टँकर उलटला, तेव्हा आसपासच्या रहिवाशांना रात्रीच घरे सोडावी लागली. अमोनिया पाण्यात सहज विरघळतो. त्यामुळे नाकातोंडावरील ओले फडके दूर जाताना थोडाफार आधार देते. परंतु ते बांधून टँकरजवळ जाणे प्राणघातक ठरेल.

तीव्र गंधकाम्लावर गावकऱ्यांनी पाणी ओतू नये. उष्णता निर्माण होऊन आम्ल उसळते व अंगावर उडते.

४. जखमींची शुश्रूषा

सर्वांत कठीण प्रसंग हा आहे. चालक कक्षात अडकलेला दिसतो, त्याची हाक ऐकू येते, आणि पाहणाऱ्याचे पाय आपोआप तिकडे वळतात. विषारी वायूत साधनाविना शिरणारा मनुष्य मात्र बहुधा चालकास वाचवू शकत नाही. तो स्वतःच दुसरा जखमी होतो व पथकाचे काम दुप्पट करतो. त्यास थोपविणे हे निष्ठुरपणाचे लक्षण नव्हे. जो स्वतःहून बाहेर आला असेल त्याला मोकळ्या हवेत न्यावे, रसायनाने भिजलेले कपडे उतरवावेत व डोळे आणि त्वचा निदान १५ ते २० मिनिटे भरपूर पाण्याने धुवावी. ओकारी काढविण्याचा प्रयत्न करू नये. १०८ ला कळविताना पदार्थाचे नाव अवश्य सांगावे.

५. पाण्याचे रक्षण

मोले परिसरातील ओहोळांचे पाणी खांडेपार नदीस मिळते व त्याच नदीवर ओपा येथे पाणीपुरवठ्याचा प्रकल्प आहे. साहजिकच रस्त्याकडेच्या गटारात उतरलेले रसायन दूरच्या घरांतील नळांपर्यंत पोहोचू शकते. म्हणून नाले, विहिरी व पाणीपुरवठ्याची ठिकाणे जवळ असल्यास तसे वर्दीतच सांगावे. तज्ज्ञांचा निर्वाळा मिळेपर्यंत त्या पाण्याचा वापर थांबवावा व गुरे तिकडे सोडू नयेत. माती वा वाळूचा बांध घालावयाचा झाल्यास तो प्रवाहाच्या पुढे, सुरक्षित अंतरावर आणि पथकाच्या सल्ल्यानेच घालावा.

उपसंहार

या कर्तव्यांसाठी महागडी साधने लागत नाहीत. महामार्गालगतच्या प्रत्येक पंचायतीने वर्षातून एकदा ग्रामसभेत उजळणी करावी : वाहतूक कोठे रोखावयाची, कोणत्या वाटेने वस्ती हलवावयाची, वृद्ध व आजारी माणसे कोणत्या घरांत आहेत आणि त्यांना कोणी न्यावयाचे. ही चार उत्तरे आधी ठरलेली असली, तर टँकर उलटल्याचा आवाज ऐकून गावकरी त्याच्याकडे धावणार नाहीत. ते आपापल्या नेमून दिलेल्या कामाकडे वळतील.