नाव नको, पत्ता वाच

पोरी, तिरोड्यात तू सेवा केंद्र चालवतेस, म्हणजे ज्यांना मेल कळत नाही ते सगळे मोबाइल घेऊन तुझ्याकडेच येणार. मेलमध्ये म्हटलेलं असतं, धानाचा बोनस जमा झाला, वीज प्रकल्पात नोकरी लागली, नोंदणीचे पैसे भरा. अशा वेळी पाठवणाऱ्याच्या नावाकडे बघायचंच नाही. नावावर बोट दाबून पूर्ण पत्ता उघड आणि तो शेवटाकडून वाच. सरकारी खात्याचा म्हणवणारा पत्ता ‘गव्ह डॉट इन’ नाहीतर ‘एनआयसी डॉट इन’ने संपायला हवा. मधे कुठेतरी ‘गव्ह’ घुसवलंय आणि शेवट ‘डॉट कॉम’ असेल, तर पुढे वाचूही नकोस.

पण नुसत्या पत्त्यावरही विसंबू नकोस. मेल पोचवणारी एसएमटीपी ही पद्धत १९८२ची. तेव्हा वापरणारे थोडे आणि बहुतेक ओळखीचे, म्हणून पाठवणारा खरा कोण हे तपासायची सोयच तिच्यात नव्हती. पाकिटावर कुणीही कुणाचंही नाव टाकावं, तसं. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तपासण्या पुष्कळ नंतर आल्या. संगणकावर जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडलंस की त्यांच्यासमोर ‘पास’ किंवा ‘फेल’ दिसेल. पण ‘पास’वर भुलू नकोस. ठगही स्वतःचं डोमेन विकत घेतो आणि तिन्हींत पास होतो.

सकाळी केंद्र उघडलं की आधी स्पॅमचा फोल्डर बघ. फिल्टर कडक केला की खरी पत्रंही त्यात अडकतात. एखाद्या पोराचं मुलाखतीचं पत्र तिथेच पडून राहिलं आणि तारीख उलटली, तर त्याचं नुकसान कोण भरून देणार? शंभर फालतू मेल आत आलेले परवडतील.

लोक विचारतील, सरकार कायदा का करत नाही? होता ना. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ए कलमात त्रास द्यायला किंवा फसवायला पाठवलेला मेलही गुन्हा होता. पण २०१२ साली बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद झाली आणि त्यावरच्या फेसबुक पोस्टपायी पालघरच्या दोन मुलींना अटक झाली, त्यातही हेच कलम लावलं. त्यानंतर श्रेया सिंघल या तरुणी त्या कलमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २४ मार्च २०१५ला कलम रद्द झालं. योग्यच झालं. ‘त्रास’ म्हटलं की कुणालाही आत टाकता येतं. मात्र नकोशा मेलसाठी वेगळा कायदा त्यानंतर झालेला नाही. दूरसंचार नियामक ‘ट्राय’चे नियम फोन आणि एसएमएसपुरते. २०२४पासून जीमेलवर दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल धाडणाऱ्यांना पत्त्याची खात्री आणि एका क्लिकमध्ये यादीतून नाव काढायची सोय द्यावी लागते, पण हा नियम गूगलचा. आपलं कोणतं पत्र पोचावं हे परक्या कंपनीने ठरवावं, हे मला पटत नाही.

ओळखीच्या दुकानाची जाहिरात असेल तर ‘अनसबस्क्राइब’ कर. अनोळख्याच्या मेलमध्ये ते बटण दाबायचं नाही, पत्ता चालू असल्याचं त्याला कळतं. सरळ ‘रिपोर्ट स्पॅम’ कर. आणि कुणाचे पैसे गेलेच, तर घरी जाऊन विचार करतो म्हणू देऊ नकोस. तुझ्यासमोरच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकाला फोन लाव. फसवणुकीला त्याच माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ डी कलम आजही आहे. तो मेल मात्र खोडू देऊ नकोस, तक्रारीला तोच पुरावा.